अंकोरची वाट अन्व्यावरून

मराठवाड्यातील जिल्ह्याच्या गावी प्रवासी कंपन्यांच्या फलकांवर पूर्वी काशी, रामेश्वर आणि चारधाम ही नावे असत. आता त्यांच्या शेजारी बँकॉक, बाली आणि सिएम रीप ही नावेही दिसू लागली आहेत. नवीन जालन्याच्या पेठेतील व्यापारी परदेशी जाऊन येत, ही गोष्ट जुनी आहे. शाळेतला शिक्षक, बँकेतला कारकून आणि निवृत्तीला टेकलेला तालुक्याचा कर्मचारी परदेशप्रवासाचा बेत आखू लागला, ही गोष्ट मात्र नवी आहे आणि ती स्वागतार्ह आहे. ज्या वर्गाने आयुष्यभर भूगोल नकाशावर शिकवला आणि इतिहास सनावळ्यांतून पाठ केला, त्याला त्या नकाशावरच्या एखाद्या ठिपक्यावर प्रत्यक्ष उभे राहावेसे वाटले, तर त्यात चैनीपेक्षा जिज्ञासेचा भाग अधिक आहे असेच मानले पाहिजे.

तथापि, या नव्या प्रवाशाच्या हाती जो कार्यक्रम दिला जातो तो पाहिला की चिंता वाटते. अनेक सहलींत व्हिएतनाम आणि कंबोडिया हे दोन देश सात-आठ दिवसांत उरकले जातात आणि त्यात अंकोरच्या वाट्याला एक, फार तर दीड दिवस येतो. पहाटे अंकोर वाटचा सूर्योदय, दुपारी झाडांच्या मुळांनी वेढलेले ता प्रोम, संध्याकाळी बाजार, आणि दुसऱ्या दिवशी विमान. वर्षानुवर्षे साठवलेल्या रकमेच्या मोबदल्यात शेवटी उरतात ती छायाचित्रे. पंढरीला जाऊन कळसाचे दर्शन घेऊन परत फिरणाऱ्याची श्रद्धा तरी पदरी असते. अंकोरला धावती भेट देणाऱ्याच्या पदरी काय पडते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

अंकोर हे एका मंदिराचे नाव नाही. नवव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत ख्मेर राजांची राजधानी ज्या विस्तीर्ण प्रदेशात नांदली, त्या साऱ्या प्रदेशाचे ते नाव आहे. इसवी सन ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्म्याने महेंद्रपर्वतावर, म्हणजे आजच्या कुलेन डोंगरावर, सार्वभौमत्व घोषित केले. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने अंकोर वाट हे विष्णुमंदिर उभारले. त्याच शतकाच्या अखेरीस सातव्या जयवर्म्याने बौद्ध प्रेरणेने बायोन बांधले. भरभराटीच्या काळात या नगरात सात ते नऊ लाख लोक राहत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. युनेस्कोने १९९२ साली हे क्षेत्र जागतिक वारसा म्हणून स्वीकारले. जे उभे करायला सहा शतके लागली ते पाहायला सहा तासही न देणे हा त्या शिल्पकारांइतकाच स्वतःच्या पैशांचाही अपमान आहे.

तेव्हा बेत आखायचाच तर तो नीट आखावा. अंकोरच्या प्रवेशपत्राचे दर एका दिवसाला ३७ डॉलर, तीन दिवसांना ६२ आणि सात दिवसांना ७२ असे आहेत. एका दिवसासाठी ३७ डॉलर मोजणाऱ्याला आणखी २५ डॉलरमध्ये दोन दिवस मिळतात, आणि हे तीन दिवस दहा दिवसांच्या मुदतीत केव्हाही वापरता येतात, सलग असावे लागत नाहीत. बारा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. तरीही चौघा मोठ्यांच्या कुटुंबाला तीन दिवसांचे २४८ डॉलर, म्हणजे वीस हजार रुपयांहून अधिक, नुसत्या प्रवेशासाठी लागतात. सरकारी नोकराला रजा प्रवास सवलत परदेशासाठी मिळत नाही, हेही हिशेबात धरले पाहिजे. एवढा खर्च करणाऱ्याने एखादा देश कमी पाहावा. पण अंकोरला पुरते तीन दिवस द्यावेत, हा सल्ला व्यवहाराचाच आहे.

ऋतूचा विचारही तितकाच महत्त्वाचा. शिक्षकाला मोठी सुट्टी मिळते ती मे महिन्यात. पण तिकडे एप्रिल-मे हा कडक उन्हाचा काळ, आणि मेपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाचा. सुखाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे दिवाळीची सुट्टी, विशेषतः ती उशिरा येते त्या वर्षी, या प्रवासाला सोयीची. तिथला जलोत्सव कार्तिकी पौर्णिमेला येतो आणि त्या महिन्याचे ख्मेर नावही ‘कार्तिक’ या शब्दापासूनच आलेले आहे. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागतात त्याच दिवसांत तिकडे नदीवर नौकांच्या शर्यती लागतात. मार्गाबाबत मात्र सावध राहावे. बँकॉकला स्वस्तात उतरून तेथून बसने सिएम रीप गाठण्याची वाट अनेक वर्षे लोकप्रिय होती. परंतु २०२५ साली थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर लष्करी संघर्ष झाला आणि सीमेवरील नाकी बंद झाली. विमानमार्गाचा खर्च जास्त असला तरी तोच धरून चालावे आणि निघण्यापूर्वी परिस्थितीची खात्री करून घ्यावी. सिएम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला असून तो गावापासून बराच दूर आहे. रात्री उशिरा उतरणाऱ्याने वाहनाची व्यवस्था आधीच केलेली बरी.

ही झाली बाह्य तयारी. खरी तयारी वेगळी आहे आणि तिला पारपत्र लागत नाही. ती जालना जिल्ह्यातच करता येते.

भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या वाटेवर, अन्वा नावाचे गाव आहे. तेथे काळ्या दगडातले जुने मंदिर उभे आहे. लोक त्याला मढ म्हणतात. आज तेथे महादेवाची पूजा होते. परंतु बाहेरच्या भिंतींवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती आहेत आणि हे मंदिर मूळचे वैष्णव असावे असे त्यावरून अभ्यासक मानतात. हे मंदिर साधारणपणे बाराव्या शतकातले. म्हणजे सूर्यवर्म्याचे कारागीर अंकोर वाटच्या भिंतींवर विष्णू कोरत होते, जवळजवळ त्याच शतकात अन्व्याच्या कारागिरांची छिन्नीही विष्णूच्याच रूपांवर चालत होती. दोघांना एकमेकांची वार्ताही नसेल. एकाच्या पाठीशी साम्राज्याची संपत्ती होती, दुसऱ्याच्या पाठीशी एखाद्या लहान सामंताची किंवा व्यापाऱ्याची देणगी असेल. पण कल्पनेचे बीज एकच होते. हे ज्याने अन्व्याच्या मंडपात उभे राहून अनुभवले आहे, त्याला अंकोर परके वाटणार नाही. ज्याने अन्वा पाहिलेले नाही, त्याच्या दृष्टीने अंकोर हे केवळ एक अवाढव्य आश्चर्य राहील.

तीच गोष्ट वेरूळची. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटरच्या आसपास आणि तेथून वेरूळ हाकेच्या अंतरावर. रावण कैलास हलवतो आहे, पार्वती भयभीत झाली आहे आणि शिव शांतपणे बसला आहे, हा प्रसंग वेरूळच्या लेण्यांत एकाहून अधिक ठिकाणी कोरलेला आहे. नेमका हाच प्रसंग अंकोरजवळच्या बांते स्रै या मंदिरात गुलाबी वालुकाश्मात कोरलेला आढळतो. वेरूळचा रावण डोंगराच्या पोटात कोंडलेला, ताकदीने फुगलेला दिसतो. बांते स्रैचा रावण पायऱ्यापायऱ्यांच्या कैलासाखाली, नाजूक नक्षीच्या महिरपीत बसवलेला आहे. कथा तीच, दृष्टी निराळी. शिवाय वेरूळचे कैलास मंदिर आठव्या शतकात एका अखंड खडकातून वरून खाली कोरत आणले गेले. अंकोरचे दगड कुलेन डोंगरातून कालव्यांनी आणून एकावर एक रचले गेले. एकीकडे दगड काढून टाकून मंदिर झाले, दुसरीकडे दगड चढवून. ही तुलना विद्यार्थ्याला एकदा प्रत्यक्ष दाखवली, तर स्थापत्याची दहा पाने शिकवावी लागणार नाहीत.

आणि भोकरदनचे काय? प्राचीन भोगवर्धन ते हेच. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवरील शिलालेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी १९७०च्या दशकात येथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतील पॉम्पे हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. तेथे १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी भोकरदनच्या मूर्तीचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ज्या जिल्ह्याच्या कारागिरीचे नाते दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी जोडले जाते, त्या जिल्ह्यातल्या माणसाने जग पाहायला निघावे यात नवल ते काय? नवल याचे वाटते की, त्यातील अनेकांना भोकरदन ठाऊक असते ते केवळ तालुक्याचे ठिकाण म्हणून.

येथे एका गैरसमजाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. अंकोरला जाणारा भारतीय प्रवासी पुष्कळदा छाती फुगवून परततो. ‘आपल्याच लोकांनी हे बांधले’, ‘ही आपलीच वसाहत होती’, अशी वाक्ये ऐकू येतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘बृहत्तर भारता’ची कल्पना मांडली गेली, तेव्हा पारतंत्र्यात असलेल्या देशाला तिचा आधार वाटला असेल. आज तिला कवटाळून बसण्याचे कारण नाही. अंकोर ख्मेर राजांनी, ख्मेर कारागिरांच्या हातांनी, ख्मेर शेतकऱ्यांच्या भाताच्या पिकावर उभे केले. भारतातून तिकडे गेले ते देव, लिपी, काव्य, धर्मशास्त्र आणि कालगणना. सैन्य घेऊन कोणी ती भूमी जिंकल्याचा पुरावा नाही. तेथील लोकांनी जे हवे ते निवडले, आपल्या मातीत रुजवले आणि त्याचे असे काही केले की ते मूळ भारतातही कोठे दिसत नाही. अंकोर वाटच्या ओवरीत जवळजवळ ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन कोरलेले आहे. अशा विस्ताराचे समुद्रमंथन भारतातल्या मंदिरात शोधून सापडणार नाही. दुसऱ्याने आपली कथा आपल्यापेक्षा भव्य सांगितली, यातला आनंद मालकी हक्काच्या अहंकाराहून कितीतरी मोठा आहे.

अभिमानच बाळगायचा तर त्याला नेमका आधार असावा. कंबोडियातील प्राचीन शिलालेख शकाने मोजलेले आहेत. परंपरेने ज्या शकाचे नाव पैठणच्या शालिवाहनाशी जोडले जाते आणि जो आजही मराठी पंचांगावर छापला जातो, तोच हा शक. बांते स्रैची प्रतिष्ठापना शके ८८९ मधली, म्हणजे इसवी सन ९६७ मधली. आणि ते मंदिर राजाने नव्हे, तर यज्ञवराह नावाच्या विद्वान राजगुरूने उभारले. मेकाँग नदीकाठच्या संबोर येथील एका शिलालेखात शके ६०५ हे वर्ष अंकांत कोरलेले असून त्यातील शून्य एका टिंबाने दाखवले आहे. इसवी सन ६८३ मधले हे शून्य, दशमान अंकलेखनातील शून्याच्या जगातील सर्वांत जुन्या, निश्चित सन असलेल्या नोंदींपैकी एक आहे. गणिताच्या शिक्षकाने हे वर्गात सांगावे. शून्याची कल्पना समुद्र ओलांडून गेली आणि तिची एक अत्यंत जुनी खूण परक्या भूमीने सांभाळली, ही गोष्ट मुलांच्या मनावर पोकळ गर्वोक्तीपेक्षा खोल ठसा उमटवील.

त्या भूमीचा अलीकडचा इतिहासही प्रवाशाने विसरू नये. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने आपल्याच देशातील पंधरा ते वीस लाख माणसांचा बळी घेतला. शाळा बंद झाल्या, पुस्तके आणि नाणी-नोटा रद्द झाल्या, शहरे रिकामी करण्यात आली. या राजवटीचा विशेष रोष होता तो शिकलेल्यांवर: शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्यावर. जालन्याहून जाणाऱ्या शिक्षकाला अंकोरमध्ये वाटाड्या भेटेल, तेव्हा त्याच्या आईबापांच्या पिढीत शिक्षक असणे हाच गुन्हा ठरला होता, हे त्याने मनात ठेवावे. त्या विध्वंसानंतर जगातील फारच थोडे देश कंबोडियात काम करायला तयार होते, त्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे लोक तेथे गेले आणि १९८६ ते १९९३ या वर्षांत त्यांनी अंकोर वाटची डागडुजी केली. त्या कामातील रासायनिक स्वच्छतेवर आणि सिमेंटच्या वापरावर पुढे टीका झाली. ती पूर्णतः निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु सुरुंग पेरलेल्या देशात जाऊन ते काम करणे हे धैर्याचे होते, हेही तितकेच खरे. पुढे ता प्रोममध्ये भारतीय तज्ज्ञांनी अधिक संयमाने काम केले आणि तेथील नर्तन-सभागृहाची पुनर्रचना २०२२ साली पूर्णत्वास गेली. भारताचे अंकोरशी आजचे खरे नाते हे आहे: पडलेला दगड ओळखून त्याच्या जागी परत बसवण्याचे.

पण जालनेकराने अंकोरमध्ये सर्वांत अधिक वेळ कशासमोर उभे राहावे, असे विचारले तर उत्तर मंदिर हे नाही. ते पाणी हे आहे. अंकोरच्या राजांनी मंदिरांच्या आधी तलाव खोदले. पश्चिमेकडील ‘बराय’, म्हणजे तलाव, सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे. तो अकराव्या शतकातला असून आजही त्यात पाणी असते. पूर्वेकडील यशोधरतटाक तेवढाच प्रचंड होता. तो कोरडा पडला आणि आज त्याच्या तळाशी भाताची शेते आहेत. अंकोर वाटभोवतीचा रुंद खंदकही नुसता शोभेचा नाही; जमिनीतील पाण्याची पातळी टिकवून तो वालुकामय जमिनीवर उभ्या असलेल्या त्या अजस्र मंदिराचा पाया सावरून धरतो. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत दीर्घ अवर्षणे आणि मधूनच अतिवृष्टी यांनी ही जलव्यवस्था मोडकळीस आणली, असे झाडांच्या खोडांतील वार्षिक वलयांच्या अभ्यासावरून दिसून आले आहे. स्वाऱ्या झाल्या, व्यापाराच्या वाटा बदलल्या, हीही कारणे होती. परंतु गाळाने भरलेले कालवे आणि फुटलेले बांध नगराला वाचवू शकले नाहीत.

हा धडा जालन्याला परका नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात हे शहर टँकरच्या पाण्यावर जगले. ज्या घाणेवाडी तलावाने निजामकाळापासून नवीन जालन्याची तहान भागवली, तो गाळाने भरत गेला. आणि अखेर नागरिकांनीच एकत्र येऊन तो गाळ काढण्याचे काम हाती घेतले, ही या शहराच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे. अंकोरमध्येही शतकानुशतके कोरडा असलेला जयतटाक एकविसाव्या शतकात पुन्हा पाण्याने भरण्यात आला. सोन्याचा पाळणा म्हणवणाऱ्या गावाला हे कळले पाहिजे की, पाळण्याखालची ओल गेली की सोने उपयोगी पडत नाही. अंकोरच्या अवशेषांपुढे मंदिरे पाहून थक्क होणारे पुष्कळ असतात; कोरड्या तलावाच्या काठावर उभे राहून विचारात पडणारा प्रवासी मराठवाड्याने पाठवावा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, घरची मंदिरे दुर्लक्षित असताना लाखभर रुपये परदेशी कशाला उधळावेत? आक्षेप ऐकायला बरा वाटतो. पण अंकोरला न गेल्याने वाचलेले पैसे अन्व्याच्या कामी आल्याचे उदाहरण विरळा. उलट बाहेरचे पाहून आलेल्यालाच घरच्याची किंमत कळते. तेथे प्रत्येक प्रवेशपत्रातील दोन डॉलर मुलांच्या रुग्णालयाला जातात, स्थानिक नागरिकाला मंदिरे विनामूल्य खुली असतात, हे पाहून आलेला माणूस आपल्याकडे काय करता येईल हा प्रश्न घेऊनच परततो. दुसरा आक्षेप असा की, सामान्य नोकरदाराला एवढ्या अभ्यासाला वेळ कोठे? त्याला उत्तर हेच की, जो वर्षभर हप्ते भरून पैसे साठवू शकतो, तो वर्षातले चार रविवारही काढू शकतो. एक अन्व्याला, एक भोकरदनला, दोन वेरूळला. या चार रविवारांचा खर्च परदेशप्रवासाच्या खर्चाच्या शेकड्यातही मोजावा लागणार नाही.

शाळांनी आणि महाविद्यालयांनी यात पुढाकार घेतला पाहिजे. जिल्ह्यातील किती शाळांची सहल अन्व्याला जाते, याचा मुख्याध्यापकांनी स्वतःशीच विचार करावा. सहल म्हणजे दूरचे जलोद्यान किंवा समुद्रकिनारा, हे समीकरण होऊन बसले आहे. ते बदलायला सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या शिक्षकाने अंकोर पाहिले आहे त्याने परतल्यावर छायाचित्रे नातेवाइकांना दाखवण्याआधी ती विद्यार्थ्यांना दाखवावीत आणि पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन अन्व्याला जावे. मुलांपैकी एखादा विचारील की, हे मंदिर त्या मंदिराएवढे मोठे का नाही? त्या प्रश्नाचे उत्तर देताना राज्य, शेती, पाणी, व्यापार आणि श्रद्धा या साऱ्यांची चर्चा करावी लागेल, आणि इतिहास शिकवणे म्हणतात ते यालाच.

अंकोरला जरूर जावे. बेत आखताना नकाशा मात्र घरापासून उलगडावा. कुंडलिकेच्या काठावरून निघालेली वाट आधी अन्व्याच्या मंडपातून आणि वेरूळच्या कैलासावरून गेली, तर ती सिएम रीपला पोचेपर्यंत प्रवाशाच्या गाठीशी विचारण्यासारखे प्रश्न जमलेले असतील. आणि प्रश्न घेऊन जाणाराच काही घेऊन परततो.